पावसकर मास्तर आणि मुळावरची गाठ

सदाशिव पावसकर मास्तरांना आमच्या वाडीने मारले. गौरी-गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळी, देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. हे आधीच लिहून टाकतो, कारण रत्नागिरीत जो तो 'थोडी बाचाबाची झाली' असे सांगत फिरतो आहे. बाचाबाची दोघांत होते. इथे मास्तर एकटे खाली बसले होते, त्यांच्या कानातून रक्त येत होते, आणि ज्यांच्या पोरांना त्यांनी मुळाक्षरे गिरवायला शिकवली तेच बाप त्यांच्यावर हात टाकत होते. मी ते पाहिले, आणि अजून मला ते खरे वाटत नाही.

तुम्ही मास्तरांना पाहिले नसेल. कुणाच्याही बांधावरून जाताना राम राम करायच्या आधी ते वाकून एक वेल उपटायचे. मालक ओरडेपर्यंत मुळावरची माती झटकून झालेली असायची. मग मोहरीएवढी एक गाठ खुडायची, नखाने चिरायची आणि आतला रंग उजेडाला धरून बघायचा. गुलाबी निघाली की, "जेवतोय हो तुमचा भुईमूग," असे म्हणत, घरातले आजारी माणूस उठून बसल्यासारखे हसायचे. देशावर शेतकी शिकून आलेला माणूस. ही गाठ म्हणजे रोग नव्हे, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते हवेतले नत्र धरून वेलाला भरवतात, हे ते न कंटाळता सांगायचे. आमच्या जानकीकाकूने ऐकले आणि म्हणाली, "म्हंजे येलाची चूल जमिनीखाली हाय म्हणा की." मास्तर इतके खूष झाले की पुढे कुठेही गेले तरी ही चूल काकूच्या नावानिशी सांगायचे.

त्यांच्याच शब्दावर काकूने यंदा डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणीऐवजी भुईमूग पेरला. विधवा बाई, तेवढाच तुकडा, वर्षाचे पोट त्यावर. श्रावण निम्म्यावर आला आणि पाऊस गडप झाला. आमची जांभ्याची जमीन पाणी धरतच नाही. तरी पाला हिरवागार. मास्तरांनी नख लावले तर गाठ आतून राखेच्या रंगाची.

"पानांना अजून पत्ता नाही," ते म्हणाले, "पण खाली चूल विझत आली."

तहान लागली की वेल आधी गाठीचा घास तोडतो, पाने मागाहून सुकतात. चवळीची गाठ तर लगेच मान टाकते, भुईमूग त्यामानाने दमदार. म्हणून आताच पाणी दिले तर सावरेल, पाने कोमेजायची वाट पाहिली तर दाणा पोसणार नाही. पऱ्याला, त्या खालच्या ओहोळाला, बांध घालू, सगळे मिळून घागरी वाहू, असा त्यांनी धोशा लावला. काकूचा दीर गणू हसला. "मास्तर, पाला बघा कसा माजलाय. सणासुदीला पाणी कसलं वाहायला लावताव?"

विसर्जनाच्या दिवशी मास्तरांनी पुन्हा पाहिले आणि ते घाबरले. दारोदार जाऊन सांगत सुटले, "काकूकडे गाठी काळ्या पडल्या, आता घरात बसू नका, सगळे बाहेर पडा."

मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी एवढेच ऐकले. गाठ म्हटले की आमच्याकडे काखेतली, प्लेगाची. मागल्या साथीत सारी वाडी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, झोपड्या बांधून राहिली होती. घटकाभरात घरांना कड्या लागल्या, म्हाताऱ्यांना डोलीत घालून लोक सड्यावर चढले, आणि जाता जाता कुणीतरी काकूचा भुईमूग उपटून, पेंढ्यात घालून पेटवून दिला. भुईमूग! माणसाच्या काखेचा रोग वेलाच्या मुळावर शोधणारी ही आमची वाडी.

सकाळी उलगडा झाला, गाठ वेलाचीच होती, प्लेग नव्हताच; लोक खाली उतरले. शेजारची गावे हसू लागली, आणि त्या हसण्याचा राग मास्तरांवर निघाला. मधे पडली ती एकटी जानकीकाकू. जळालेल्या वेलांचा भारा तिच्या काखोटीला तसाच होता. "मारताव कुणाला? शेत माजा गेला. मी नाय उचलला हात, तुमी कशाला उचलताव?"

शाळेच्या मंडळींनी मास्तरांना 'अफवा पसरवल्याबद्दल' काढले. मी त्यांना बंदरावर सोडायला गेलो. कानाला फडके बांधलेले. म्हणाले, "अरे, त्यांचं तरी काय चुकलं? गाठ हा शब्द इथे भाजलेला आहे. मी मूळ म्हणायला हवं होतं." मला हे मान्य नाही. शब्द चुकला म्हणून कुणी माणसाचा कान फोडत नाही.

काकू आता दुसऱ्यांच्या शेतात भात कापते आहे. भात निघाले की कुळीथ-पावटा पेरायचे दिवस येतील, आणि त्यांच्या मुळात काय चालले आहे हे बघणारा माणूस आम्ही होडीत बसवून घालवला आहे. शाळेच्या मंडळींची बैठक दिवाळीआधी सहाणेवरच भरणार आहे. तुम्ही तिथे या. ज्याने हात उचलला त्याने उभे राहून आपले नाव सांगावे, ज्याने पेटवले त्याने काकूच्या घरी वर्षाचे धान्य पोचवावे, आणि मास्तरांना परत बोलावल्याशिवाय कुणीही तिथून उठू नये.