साहेबांसाठी सारवलेल्या भिंती

बी.एस्सी. झाल्यावर मला हिवताप खात्यात नोकरी लागली, ती शाळेतल्या मास्तरांनी मागे लागून अर्ज करायला लावला म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीसुद्धा पाहिली नव्हती. नोकरी मात्र हंगामी होती. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावात डी.डी.टी. नीट फवारलेली दिसली, तरच साहेब मला कायम करणार होते.

फवारणी मी जातीने उभं राहून करून घेतली. भिंतीवर पांढरी भुकटी राहते, तिच्यावर बसलेला डास मरतो, तेव्हा पावसाळा सरेपर्यंत भिंती सारवू नका, असं घरोघर समजावलं. बायांनी माना डोलावल्या. मग तपासणीच्या आदल्या दिवशी, साहेबांना घरं उघडी मिळावीत म्हणून, मी पाटलांना दवंडी द्यायला सांगितली.

साहेब आले. पहिल्या घरात त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं. बोटाला ओलं शेण लागलं. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यातही तेच. पाटील मागून कौतुकाने सांगत होते, की साहेब येणार म्हणून बायका पहाटेपासून राबल्या आहेत. मी सारवू नका म्हटलं होतं याची हळूच आठवण करून दिली, तर ते म्हणाले, "ते रोजचं झालं. पाव्हना येनार म्हनल्यावर भिती तशाच ठेवायच्या व्हय?"

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "फवारणी झाली होती ना?"

"झाली होती साहेब," म्हणत मी पुढच्या घराकडे वळलो.

एका घरावरून पाटील आम्हाला घाईघाईने पुढे नेऊ लागले. तिथली सून आळशी म्हणून गावभर नावाजलेली. सासूच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता. साहेब नेमके तिथेच शिरले. चारही भिंती पांढऱ्या.

"घर असं हवं," साहेब म्हणाले.

सुनेने पदर सावरला. "ऐकलं का आत्याबाई?"

त्या एका घराने मी वाचलो. साहेबांनी सगळं गाव पुन्हा फवारायला लावलं आणि दुसऱ्या खेपेला न कळवता आले. या वेळी भिंती पांढऱ्या होत्या, पण बायका दारं अडवून उभ्या. असल्या भिंती साहेबांना दाखवायच्या कशा, म्हणून आत येऊ देईनात. साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच डोकावून पाहिलं आणि मला कायम केलं. पाटील मात्र दिवाळीला सारवायची मोकळीक मिळेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.