कुलपाला केलेला सलाम

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, तुम्ही काय सोडता? गोड, चहा, मटण? ज्याने घरातल्या कोणालाही काडीचा फरक पडत नाही, असेच काहीतरी सोडता ना?

खमरियातील कारखान्याच्या वसाहतीत आमच्या प्रार्थनागटातही तेच चालत असे. यंदा लेंटच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, पाळकसाहेबांनी नियम बदलला. आपली रोजची साधना कोणी स्वतः निवडायची नाही. ज्याला आपला सर्वांत अधिक त्रास होतो, त्याने ती नेमून द्यायची. त्या दिवसापासून आमच्याकडे किस्से इतके साचले की ते सांगून झाल्याखेरीज प्रार्थना सुरू होईना.

नियम का बदलला, हे सर्वांना ठाऊक होते. नाताळनंतर प्रभाकर गटात येत नव्हता. पत्नी वारल्यावर नाताळच्या दिवशी तो प्रथमच सर्वांसमोर प्रार्थनेला उभा राहिला. परमेश्वर भग्नहृदयी लोकांजवळ असतो, या वचनाचा त्याने आधार घेतला. स्तोत्राचा क्रमांक मात्र चुकला. कारखान्यातून निवृत्त झालेल्या शमुवेलरावांना बायबल मुखोद्गत. त्यांनी डोळे मिटूनच दुरुस्ती केली, "त्रेचाळिसावं नव्हे, चौतिसावं."

प्रभाकर आमेन न म्हणताच निघून गेला. शेजारच्याच रांगेतले त्याचे क्वार्टर, पण तो आमच्यातून हरवला होता.

*

नव्या नियमाचा पहिला फटका पाळकसाहेबांनाच बसला. उपदेश वेळेवर संपवावा, अशी साधना पाळकीणबाईंनी त्यांना दिली. पहिल्या रविवारी विषय होता प्रभूची परीक्षा. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उभे केले, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या पाळकीणबाईंनी मनगटावरील घड्याळाकडे पाहिले. पाळकसाहेब म्हणाले, "आमेन."

मंडळी घरी गेली. प्रभू आठवडाभर शिखरावरच राहिले.

*

मनोरमाताई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर त्यांनी लाल शाई वापरली. सुनेने त्यांच्याकडे एवढेच मागितले, की रोज माझ्याबद्दल एक तरी चांगले बोलावे. पहिल्या दिवशी ताई जेवणवेळेपर्यंत विचार करीत बसल्या. अखेरीस म्हणाल्या, "तू गॅस नीट बंद करतेस."

दोन आठवडे गॅस, नळ आणि दारे यांचीच स्तुती झाली. मग एका दुपारी ताई जेवता जेवता म्हणाल्या, की भाजी छान झाली आहे. सून धावत आली. "आई, बरं वाटून राहिलं ना? बीपी बघू का?"

स्तुती ऐकण्याचीही सवय लागते. आपण ती कोणाला लावत नाही.

*

सुनील रोज दुचाकीने रिछाईला कामावर जातो. वाटेत जो आडवा येईल, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्याची त्याची जुनी रीत. बायकोने फर्मावले, की जो आडवा येईल त्याच्यासाठी तेथेच प्रार्थना करायची.

बड़ा फुहारा चौकात एका ऑटोवाल्याने त्याला घासून ऑटो पुढे काढला. सुनीलने गाडी थांबवली आणि हात जोडून पुटपुटू लागला. ऑटोवाल्याने विचारले, "भैया, क्या बोल रहे हो?"

"आपके लिए दुआ कर रहा हूँ."

ऑटोवाला अस्वस्थ झाला. "दुआ रहने दो भैया. गाली दे दो. उसकी आदत है."

*

आणि शमुवेलराव. त्यांची साधना पत्नी रूथबाईंनी सर्वांसमक्ष सांगितली: रोज प्रभाकरभाऊंच्या दारी जाऊन सलाम म्हणायचा.

ते रोज गेले. गटात येऊन रोज सांगत, की आजचा सलाम झाला. आम्ही देवाचे आभार मानले. मात्र प्रभाकर काही येईना.

तो कसा येणार? प्रभाकर ड्यूटीवर गेला की शमुवेलराव घरातून निघत. दाराला कुलूप असे. कुलपाला सलाम म्हणत आणि आज्ञा पाळल्याच्या समाधानाने परतत. आज्ञेत दार म्हटले होते. माणूस म्हटला नव्हता.

शेजारणीने हे प्रभाकरला सांगितले. त्याने रजा टाकली, पुढच्या दाराला नेहमीप्रमाणे कुलूप घातले आणि मागच्या दाराने आत येऊन खिडकीपाशी बसला.

शमुवेलराव आले. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "सलाम."

आतून उत्तर आले, "सलाम, शमुवेलभाऊ."

शमुवेलराव पायरीवरच बसले.

"कुलपाले रोज भेटून राहिले," खिडकीतून प्रभाकर म्हणाला, "मले काहून नाही?"

त्या क्षणी शमुवेलरावांना एकही वचन आठवले नाही. ते म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे पाहायची हिंमत होत नव्हती."

त्याच सायंकाळी प्रभाकर गटात आला. शमुवेलरावांनी उभे राहून सर्वांसमोर क्षमा मागितली. प्रभाकरने ती दिली. तरीही पाळकसाहेबांनी विचारले, की चुकवलेल्या साधनेचा दंड काय? ज्याला दुखावले त्यानेच तो ठरवावा.

प्रभाकरने विचार केला. "ईस्टरपर्यंत रोज माझ्या घरी जेवायचं. आता मीच रांधतो. एकट्याले जेवण जात नाही. फक्त चूक काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी ताटे मांडली गेली. वरणात मीठच नव्हते. शमुवेलरावांनी पहिला घास घेतला. बोलण्यासाठी तोंड उघडले. समोर प्रभाकर त्यांच्याकडेच पाहत होता.

"उत्तम," शमुवेलराव म्हणाले. "अजून एक वाटी वाढ."

प्रभाकरने दोन वाढल्या.