पहिल्या बाकावरचे जॉबरमामा

जॉबरमामांचे कान विलक्षण होते. टॉवेलच्या कारखान्यात चोवीस माग एकदम धडधडायचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण मामा दारातच थांबून म्हणायचे, "सातवा बिघडलाय की." आणि सातवाच बिघडलेला असायचा. माग दुरुस्त करतो तो जॉबर. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मागाशी बोलताना दोन्ही.

कारखाना बंद पडला तेव्हा मामा सत्तेचाळीस वर्षांचे होते. माग भंगारात निघाले, आणि ते खोलून द्यायलाही मालकांनी मामांनाच बोलावलं. मामा गेले. "दुसऱ्यानं हातोड्यानं फोडले असते," एवढंच ते मला म्हणाले. नंतर महिनाभर ओट्यावर बसून असायचे. हाक मारली तरी लवकर वळायचे नाहीत.

त्यातच त्यांची आई पडली आणि मामा तिच्याजवळ दवाखान्यात राहिले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला उठवताना त्याच्याच नातेवाइकानं दंडाला धरून ओढलं. म्हातारा कळवळला. मामांनी नर्सला विचारलं, "सिस्टर, माणूस उचलायचा कसा, हे शिकवतात का कुटं?"

शिकवत होते. रुग्णसेवेच्या त्या वर्गात सगळ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली, आणि पहिल्या बाकावर चष्मा लावलेले मामा. पहिल्या दिवशी मुली त्यांना सर समजून उभ्या राहिल्या. घरी मामी मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "लोकांचं हागणंमुतणं काढणार तुम्ही?" मामांनी आवाज चढवला नाही. "इतकी वर्षं लोखंडाला तेलपाणी केलं, तवा लाज वाटली नाही. हे तर जिवंत माणूस हाय."

माझ्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा मी मामांनाच बोलावलं. आप्पा निवृत्त शिक्षक, मानी. सेवेला ठेवलेल्या आधीच्या दोघांना त्यांनी हाकलून लावलं होतं. मामांनी विचारलं, "गुरुजी, दाढी करू या का?" आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "बरं. मी हाय की हितंच," म्हणून मामा खुर्ची ओढून बसले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी आप्पांनी आपणहून हनुवटी पुढे केली.

सात महिन्यांनी आप्पा काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मामा त्यांच्यासमोर उलट पावलांनी चालत होते, हात पसरलेले, पण स्पर्श न करता. "अहो, धरा की त्यांना!" मी ओरडले.

"पडायला लागले तर धरीन. आता चालू द्या."

गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. त्यांत मामीही होत्या. शेजारणीला म्हणत होत्या, "आमचे हे करतात ते सगळं."

गेल्या वर्षी रुग्णसेवेचा तो वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं मामांना शिकवायलाच बोलावलं. त्यासाठी एखाद्या रुग्णाचं शिफारसपत्र हवं होतं. आप्पांनी ते डाव्या हातानं लिहिलं, अख्खी सकाळ घालवून. मला हात लावू दिला नाही. मामांनी पत्र दारातच वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग माझ्या हातात दिलं.

दोनच वाकड्यातिकड्या ओळी होत्या. खाली आप्पांची सही, आणि सहीखाली जन्मभराच्या सवयीनं लिहिलेला शब्द: शिक्षक. तो त्यांनी खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं: विद्यार्थी.