पोटाजवळची लाल मूठ

मला पोहता येत नाही — हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? लातुरात राहणाऱ्या माणसाला पोहता आलं काय, न आलं काय. खरंय. पण थांबा जरा. मला सरळ येता येत नाही, वळसा घेऊनच यावं लागतं.

आमचं गाव कंधारजवळ. पोरांना पोहायला शिकवायची तिथली रीत अशी — पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. ज्या दिवशी पोर डब्याशिवाय तरंगलं, त्या दिवशी त्याचा डबा सुटला म्हणायचं, आणि घरच्यांनी विहिरीला नारळ फोडायचा. मी पायरीवर बसून राहायचो. डोकं भिजवून घरी जायचो. चुलतभाऊ गप्प राहिले, का ते अजून कळलेलं नाही. एके दिवशी आईनं माझ्या नावाचा नारळ फोडला. खोबरं गोड निघालं होतं.

पुढं लातुरात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मुलगी झाली, शुभांगी. तिला झोपवताना मी त्या विहिरीच्या गोष्टी सांगायचो. गोष्टीत मी सूर मारायचो, तळाची माती मुठीत धरून वर यायचो.

शुभांगी आता पुण्यात नोकरी करते. पोहणं ती तिथं शिकली. मागल्या दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं मोबाइलवर काइटबोर्डिंग दाखवलं — पायाखाली फळी, कमरेला बांधलेला खोलीएवढा पतंग, आणि वारा माणसाला पाण्यावरून ओढत नेतोय. म्हणाली, "पप्पा, आपण दोघं शिकू. तुम्हाला तर पोहता येतंय. क्लास मात्र तुम्ही बघा. तुम्ही चौकशी केल्याबिगर नट-बोल्टसुद्धा घेत न्हाईत."

शेजारचे मस्तानभाई टेलर मशीन न थांबवता म्हणाले, "नळाला धा दिसाला पानी, अन् बापलेक समुद्रावर पतंग उडवून राहिलेत. मांजा मी घासू का?"

आणि खरं सांगू? मला नाद लागला. दुकानात बसून मी तेच बघत राहिलो. वारा जमिनीकडून सुटला तर नवशिक्याला आत नेतो, समुद्राकडून आला तर वाळूवर आपटतो. मग शिकायला कुठला बरा? आडवा. पाणी किती असावं? कमरेएवढं. एका शिक्षकाकडे माणसं किती? पहिल्या दिवशी वाळू की पाणी? दुकानावरची ताडपत्री फडफडली की मनात यायचं, आज लहान पतंग लागला असता. पाण्याला भिणाऱ्या माणसाला वाऱ्याचं एवढं कुतूहल कुठून आलं असेल?

गोव्याकडच्या एका क्लासला फोन केला. शिकवणारी बाई मालवणची निघाली. मी पहिलाच प्रश्न विचारला, पाठीला काय बांधता? ती हसली. म्हणाली, "काका, बांधतो ते कमरेला. आकडा पुढे असतो, आणि पोटाजवळ एक लाल मूठ. ती पुढे ढकलली की पतंग गळून पडतो. आम्ही उडवायचं नंतर शिकवतो, सोडायचं आधी." पहिला दिवस वाळूवरच, एका वेळी एकच विद्यार्थी. तिच्या एकेका उत्तरानं मला बरं वाटत गेलं. मग तिनं विचारलं, "पोहता येतं ना दोघांना? सुरुवातीला खोल पाण्यात पोहून दाखवावं लागतं."

मी म्हणालो, हो, विहिरीत शिकलोय. आणि फोन ठेवला.

शुभांगीला सांगितलं, तो क्लास नको. बाई बेफिकीर वाटली. एका पतंगावर दोघादोघांना लावतात, पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवतात. वाईट क्लास कसा ओळखायचा ते मी शिकलो होतो ना — ती सगळी लक्षणं मी त्या चांगल्या बाईला चिकटवली. वाटलं, पोरगी विसरून जाईल.

ती विसरली नाही. "तुमचं मन न्हाई दिसत, राहू द्या," म्हणाली आणि ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर भलत्याच ठिकाणी गेली. तिथं दोघीत एक पतंग होता. पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवलं. वारा वाढला, पतंगानं तिला उचललं आणि वाळूवरून फरफटत नेलं. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण तो हात अजून डोक्यावर जात नाही. घरी आली की वेणी तिची आई घालते.

मागच्या महिन्यात आली होती. आई वेणी घालत होती, मी समोर बसलो होतो. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आधीच कळलं होतं. मीच ऐकलं न्हाई." मग म्हणाली, "पोटाजवळ एक लाल मूठ होती. ओढत नेताना दिसत होती सारखी. पण ती कशाला असते, कुणी सांगितलंच न्हाई हो."

मला माहीत होतं.

मी तिला विचारलं, "कसली मूठ?"