परवानगी नाही

साळवे सिस्टर संगणकाचं दुखणं पेशंटच्या तापासारखं वहीत वेळेसकट लिहून आणायच्या. "सकाळी साडेनऊ, परवानगी नाही. बंद करून चालू केला. पावणेदहा, परवानगी नाही." मंचरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात वही उघडून ठेवायच्या आणि मी वाचेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांची आठवण आली की मला अजून मान वर करवत नाही.

त्या नर्स; भीमाशंकरकडच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. मग त्या महाळुंगे पडवळला राहिल्या. नोकरीत असतानाच त्यांनी वडिलांची, आबांची, हकिगत त्यांच्या तोंडून ऐकून टाईप केली होती. छप्पन सालच्या धर्मांतरापासून शेवटच्या आजारापर्यंत सगळी. ती उघडायची एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्येच. दुसरीकडे नुसती तुटकी चिन्हं दिसत. जुना संगणक बंद पडला, मुलीनं नवा लॅपटॉप घेऊन दिला आणि त्यावर ते सॉफ्टवेअर चालेना; उघडायला गेलं की 'परवानगी नाही' एवढंच येई.

मी न बघताच म्हणालो, "सिस्टर, म्हातारं झालंय ते. सोडून द्या."

"भाऊ, म्हातारं झालं म्हणून मी कुणाला सोडलं न्हाई. नाडी तर बघा."

लॅपटॉप ठेवून घेतला आणि शाळांच्या संगणकांच्या कामात विसरलो. त्या दर सोमवारी यायच्या. "मशीन माझं, शब्द माझ्या बापाचं, आन परवानगी न देणारा ह्यो कोण?" म्हणायच्या. दुकानातले सगळे हसायचे. मीही.

चौथ्या सोमवारी त्या बाकावर बसल्या. त्यांचे थोरले भाऊ डिंगोरे गावात अंथरुणाला खिळले होते.

"दादानं चौथीत शाळा सोडली, म्हणून मी शिकले. आबा त्याच्याबद्दल काय बोलले ते त्याला ऐकायचंय."

"मग तुम्हीच सांगा की."

"सांगितलं व्हतं. म्हणला, माझं मन राखायला तू रचतीस. आबांचा शब्द न् शब्द वाचून दाखव."

"पुढच्या सोमवारी नक्की," मी म्हणालो.

त्या सोमवारी त्या आल्याच नाहीत. चुटपुट लागली म्हणून लॅपटॉप काढला. ते सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये काही लिहू बघायचं आणि नवं मशीन त्या जागेत कुणाला लिहू देत नव्हतं. मी ते डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं, ॲडमिनचे अधिकार देऊन चालू केलं. अक्षरं लख्ख दिसली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आनंदानं फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी फाईल उघडून दिली.

"दादा गुरुवारी गेला," त्या म्हणाल्या.

मी कामाच्या गडबडीचं काहीतरी सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. तुमी बसा. कुणाला तरी वाचून दाखवायचं मनात व्हतं."

मी बसलो. चष्मा लावून त्या वाचायला लागल्या. "धाकटीला शिकवायचं म्हणून थोरल्याच्या हातातली पाटी मी काढून घेतली. त्यो रडला न्हाई. म्हणून मला वाटलं, त्याला चालतंय. ते माझं चुकलं."

तिथं त्या थांबल्या. 

"रडला व्हता," त्या म्हणाल्या. "गोठ्यात. मी बघितलं व्हतं. आबांना कधी बोलले न्हाई."