जाड पत्र्याचा गुंड

भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकणाऱ्याला म्हातारपणी दोनच गोष्टी खात्रीने मिळत, वाकलेली पाठ आणि बहिरे कान. गोमाजीला तर त्या चाळिशीतच मिळाल्या. पोरवयात तो आनंदरावांच्या कारखान्यात बसला तो गुंडच ठोकत राहिला. गुंड म्हणजे आपल्याकडे बाया डोक्यावर पाणी आणतात ते भांडं. दिवसभर ठणाठण ऐकून त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजव्या कानाशी ओरडलं तरच काही आत शिरायचं. पण ठोकलेल्या गुंडावर हात फिरवून तो कुठे पत्रा पातळ झालाय ते सांगायचा, आणि गल्लीत त्याच्या हाताला मान होता.

चौऱ्याहत्तर साली त्याची एकुलती एक मुलगी रुखमा करडीला दिली. आंदणाचा गुंड बापानेच करायचा, ही त्या गल्लीची रीत. गोमाजीने दुकानातल्या गुंडाला लागतो त्याच्या दीडपट जाड पत्रा घेतला. दोन महिने सुटीच्या दिवशी बसून ठोकला, आणि गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं : रुखमास आंदण, गोमाजीकडून, सन १९७४. मांडवात आंदण मांडलं तेव्हा वरपक्षाचे पुरुष एकेक करून तो गुंड उचलून बघत होते. रिकामाच उचलताना त्यांचे चेहरे बदलत, आणि गोमाजीची छाती फुगत होती. भरलेला कोण उचलणार आहे, हे त्या मांडवात कोणाच्या मनातही आलं नाही. गोमाजीच्या तर नाहीच नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत स्टील आलं. आधी लग्नात एखादं ताट, मग डबे, मग सगळंच. गल्लीतला आवाज कमी होत गेला. जिथे चाळीस हातोडे चालत तिथे पंधरा, मग सहा. आणि काम गेलं तशी लोकांना मतं फुटली, कारण रिकाम्या माणसाजवळ दुसरं असतं काय.

गल्लीच्या तोंडाशी ललिताबाईची चहाची टपरी होती. तिथे रोज भंडाऱ्याचा निकाल लागायचा. तुलाराम गोमाजीच्याच शेजारी बसून ठोकणारा. तो वेळीच उठला आणि गावाबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात चौकीदार झाला. खाकी कपडे घालून सायकलवर यायचा आणि हे गाव मेलं, आता फक्त उचलायचं राहिलं, असं चहा पिताना सांगायचा. जिवंतपणी याच गावाने आपल्याला पोसलं हे तो विसरला होता. आनंदराव मात्र ठाम होते. स्टील हे चार दिवसांचं खूळ आहे, लोक थकतील आणि पितळेकडेच येतील. हे सांगायला ते स्वतः गल्लीत यायचे आणि घरी जाऊन स्टीलच्या ताटात जेवायचे. त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईनेच ही बातमी फोडली होती. ललिताबाईचं मत कोणी विचारत नसे. एकदा तिने आपणहून सांगितलं की चिंच आणि राख लावून लावून तिच्या बोटांची सालं गेली, कल्हईवाल्याच्या मागे धावण्यात अर्धा जन्म गेला, तेव्हा पितळ मेलं तर ती नारळ फोडेल. पुरुष हसले. गोमाजीला ऐकूच गेलं नाही, आणि कोणी ओरडून सांगायची तसदीही घेतली नाही.

गोमाजीचं मत एकच होतं आणि ते तो मोठ्याने सांगायचा, कारण त्याला सगळंच मोठ्याने सांगायची सवय होती. करडीला जाऊन माझ्या पोरीचं घर पाहा, म्हणायचा. तिथे स्टील आलंय का? माझा गुंड रोज विहिरीवर जातो. चांगल्या वस्तूला मरण नाही.

एक्क्याऐंशीत आनंदरावांनी कारखाना बंद केला आणि पुढच्या खोलीत स्टीलचं दुकान थाटलं. जुनं पितळ द्या, नवं स्टील न्या. मागच्या अंगणात जुन्या भांड्यांचा, म्हणजे मोडीचा ढीग पडू लागला. ती मोड भट्टीवर पाठवायची, पण अख्खी भांडी पोत्यात मावत नाहीत, ती चेपावी लागतात. त्यासाठी माणूस हवा होता. गोमाजीला बोलावणं आलं आणि तो गेला. ज्या हाताने उभं आयुष्य गुंड फुगवले त्याच हाताने ते सपाट करायचे, त्याच अंगणात, त्याच मालकासाठी. पोट कोणाला चुकलंय? पण त्याने बायकोला, गोदावरीबाईला, बजावून ठेवलं की रुखमाला यातलं काही कळता कामा नये. दिवाळीला रुखमा आली की तो म्हणे, कारागिरांच्या सोसायटीचं काम आहे, गुंडच ठोकतो. रुखमाही मान हलवायची आणि तिचा गुंड कसा आहे विचारलं की चांगला आहे म्हणायची.

त्र्याऐंशीच्या चैत्रात, सकाळी अकराच्या सुमाराला, गोमाजी अंगणात बसून एका परातीचे काठ आत घेत होता. समोर कोणीतरी गाठोडं ठेवलं. जुन्या लुगड्यात बांधलेलं. त्याने वर पाहिलं तर रुखमा. ती एसटीने आली होती आणि घरी न जाता सरळ इकडे आली होती, बापाला कळू नये म्हणून. बाप तिथे हातोडा घेऊन बसलेला असेल हे तिला कसं ठाऊक असणार? दोघांचंही खोटं एकदमच उघडं पडलं, त्यामुळे कोणाला कोणावर रागावायची सोय राहिली नाही.

आनंदरावांनी गाठोडं सोडलं आणि गळ्याखालचं नाव वाचलं. तेही ओशाळले. म्हणाले, राहू दे गोमाजी, हा नको चेपू, घरी घेऊन जा.

रुखमा हळू काहीतरी बोलली. गोमाजीला ऐकू आलं नाही. त्याने उजवा कान पुढे केला. मग तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि सगळ्या अंगणाने ते ऐकलं.

"घरी कायले नेता बाबा? मंग आईले उचला लागन."

गोमाजीने कान तसाच पुढे धरला.

"गुंड खराब हाय असं नाई म्हणत मी. नऊ वर्षं झाली, तुमच्या हाताचा म्हणून सासू दुसरा वापरू देत नव्हती. पोटात पोर होतं तवाही हाच गुंड डोक्यावर होता. कंबर गेली माही. तुमचं नाव होतं त्याच्यावर, म्हणून कोणाले सांगता नाई आलं."

बापाला विचारावंसं वाटलं की मला का नाही सांगितलं. पण दर दिवाळीला तोच तर छाती फुगवून विचारत होता, मग ती काय सांगणार? त्याने गुंड आडवा केला आणि हातोडा उचलला. दुकानातला गुंड सात-आठ घावांत बसायचा. हा बसेना. पत्रा जाड होता, सांधा पक्का होता, एका बाजूने दाबला की दुसरीकडे उठायचा. गोमाजीला घाम फुटला, दम लागला. रुखमा उभी राहून बघत होती. अखेर त्याच्या नावाची बाजू आत गेली आणि गुंड सपाट झाला.

रुखमाने स्टीलचा गुंड घेतला. जाताना बापाच्या पाया पडली. तिला कमरेतून नीट वाकता येत नव्हतं, ते गोमाजीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग स्टीलचा गुंड एका हातात धरून ती आईला भेटायला गेली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर तुलारामने त्याला डिवचलं. काल काय झालं ते त्याला कळलं होतंच. कानाशी तोंड नेऊन त्याने विचारलं की बोल आता, चांगल्या वस्तूला मरण नाही ना?

गोमाजीने चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"पत्रा पातळ लावाले पाह्यजे होता," तो म्हणाला.

तुलारामला वाटलं म्हातारा धंद्याचं बोलतोय, आणि तो हसला. ललिताबाई हसली नाही. तिने कप उचलून विसळला आणि त्याला न विचारता दुसरा चहा दिला.