चौथ्यांदा पडलेला येशू

त्याचं नाव मी विचारलंच नाही. बदली होऊन चामोर्शीकडे आले त्या वर्षी गुड फ्रायडेला, क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूची शेवटची वाटचाल दाखवणाऱ्या मिरवणुकीत, तो येशू झाला होता. एरवी रंगारी असावा. दाढीत चुन्याचे ठिपके राहिले होते. वाटेत येशू तीनदा पडतो आणि दर वेळी आम्ही गुडघे टेकून प्रार्थना करतो. देव असून पडतो कशाला, हे मला लहानपणापासून कोडंच होतं. हा मात्र हौसेनं पडायचा. आधी पायानं खडे बाजूला सारायचा, मग पडायचा.

तीनही वेळा झाल्या. पुढे ओल्या मोहफुलांवरून त्याचा पाय सरकला आणि तो खरोखरच आडवा झाला, अंगावर सागाचा क्रूस. आम्ही सगळे सवयीनं गुडघ्यांवर! फादरसुद्धा.

क्रुसाखालून आवाज आला, "काऊन बसले जी सारे? ते तीनदा पडनं येशूचं होतं, हे माहं हाय! माह्यासाठी गुडघे टेकू नोका, हात द्या!"

फादरना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. तोही हसत होता, दाढीला मोहफुलं चिकटलेली.

देव पडतो कशाला? आपला हात त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून असेल.